गर्भवतीच्या रक्तातली कात्री

दिवस राहिले की बाईच्या रक्तात एक प्रथिन भराभर वाढू लागतं. ते कमी पडलं तर डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. पण हेच प्रथिन ज्या उंदरांच्या अंगात अजिबात नव्हतं, ते आपल्या भावंडांपेक्षा ३८ टक्के जास्त जगले. हा काय प्रकार आहे?

तिसरा महिना सरत आला की शहरातल्या पुष्कळ गर्भवतींच्या हातात डॉक्टर एक चिठ्ठी ठेवतात. सोनोग्राफी करा आणि रक्ताची ‘डबल मार्कर’ टेस्ट करा. अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून चौदावा आठवडा भरेपर्यंतच ही चाचणी करायची असते, म्हणून घाईही असते. यथावकाश रिपोर्ट येतो. त्यात दोन नावं असतात. पैकी बीटा एचसीजी थोडंफार ओळखीचं, कारण घरच्या घरी करायच्या टेस्टच्या पट्टीवर जी रेघ उमटते ती एचसीजीमुळेच. दुसरं नाव मात्र घरात कुणी ऐकलेलं नसतं. सासूनं नाही, आईनं नाही, चार बाळंतपणं केलेल्या आत्यानंही नाही. पॅप-ए!

पूर्ण नाव ‘प्रेग्नन्सी असोसिएटेड प्लाझ्मा प्रोटीन-ए’. म्हणजे गरोदरपणाशी संबंधित असं रक्तद्रवातलं प्रथिन. त्याच्यापुढे ०.४ किंवा १.१ असा काहीतरी आकडा आणि एमओएम ही तीन अक्षरं. नवरा मोबाइल काढून शोधायला बसतो आणि अर्ध्या तासात दोघांचीही झोप उडते. कारण पॅप-ए म्हणून शोधलं की दोन उलटसुलट बातम्या अंगावर येतात. एक म्हणते, हे प्रथिन कमी असणं बाळासाठी बरं नाही. दुसरी म्हणते, हे प्रथिन कमी असेल तर आयुष्य वाढतं, रक्तवाहिन्या स्वच्छ राहतात, कॅन्सर लांब पळतो. आता कमी असावं की जास्त? आणि बाळाच्या टेस्टमध्ये हे म्हातारपण मध्येच कुठून आलं?

गंमत अशी की, दोन्ही बातम्यांना आधार आहे. पहिली माणसांची आहे आणि नऊ महिन्यांची आहे. दुसरी उंदरांची आहे आणि उभ्या आयुष्याची आहे.

आकडा कमी आला म्हणजे?

आधी रिपोर्टचं उरकून घेऊ, कारण ज्या घरात तो टेबलावर पडला आहे तिथे उंदरांच्या गोष्टी ऐकायला कुणाला सवड नसते. एमओएम म्हणजे तितक्याच आठवड्यांच्या इतर गर्भवतींच्या मधल्या आकड्याशी केलेली तुलना. १ म्हणजे बरोबर मधोमध. ०.४ म्हणजे मधल्या आकड्याच्या ४० टक्के. गरोदरपणात हे प्रथिन मुख्यतः वार तयार करते, तेव्हा हा आकडा म्हणजे वारेकडून आलेली एक खबर. गर्भाला डाऊन सिंड्रोम असेल तर पहिल्या तिमाहीत पॅप-ए सरासरीनं निम्म्यावर येतं आणि बीटा एचसीजी दुपटीच्या घरात जातं. म्हणून या दोन आकड्यांची आईच्या वयाशी आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या गर्भाच्या मानेमागच्या जाडीशी सांगड घालून शक्यता काढली जाते. शक्यता, निदान नव्हे! एकटा पॅप-ए कमी आला म्हणून रडारड करण्याचं कारण नाही.

बाळाची गुणसूत्रं ठीक असूनही हा आकडा फारच खाली असेल, तर बाळाचं वजन कमी भरणं, आईचं रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया होणं, दिवस भरण्याआधी प्रसूती होणं, यांचा धोका थोडा वाढतो. अशा बायकांपैकीही बहुतेक जणी सुखरूप बाळंत होतात, पण डॉक्टर त्यांच्यावर जरा जास्त नजर ठेवतात आणि तेच योग्य आहे. या नजरेचा उपयोग होतो याचा पुरावा आहे. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. ज्या गर्भवतींना प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त, त्यांना पहिल्या तिमाहीतच निवडून काढायचं आणि रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन द्यायची, असा तो बेत होता. निवडीसाठी जे मुद्दे धरले त्यांत पॅप-ए होतं. दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण साध्या गोळीच्या गटात ४.३ टक्के होतं, अॅस्पिरिनच्या गटात ते १.६ टक्क्यांवर आलं. अर्थात ही गोळी शेजारणीच्या सल्ल्यानं घ्यायची नव्हे. कुणाला द्यायची, केव्हा सुरू करायची आणि कधी थांबवायची हे प्रसूतितज्ज्ञच ठरवणार.

आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकावी. रिपोर्टवरचा आकडा वारेचा आहे. त्यावरून आईचं आयुष्य मोजता येत नाही. ०.४ आला म्हणून ती शंभरी गाठणार नाही आणि २ आला म्हणून लवकर म्हातारी होणार नाही.

पंचवीस वर्षं बेकार

आता या प्रथिनाची जन्मकथा. १९७४ साली अमेरिकेत काही संशोधकांनी गर्भवतींच्या रक्तद्रवात चार अशी प्रथिनं शोधली, जी एरवीच्या रक्तात जवळपास सापडत नव्हती. त्यांना नावं दिली ए, बी, सी आणि डी. डी हे वारेचं आधीच माहीत असलेलं एक संप्रेरक निघालं. ए मात्र नवं होतं आणि आकारानं अवाढव्य होतं. ते गरोदरपणात वाढत जातं, बाळंतपणानंतर ओसरतं, एवढं कळलं. करतं काय, ते कळेना. पुढली पंचवीस वर्षं ते असं नावापुरतंच राहिलं. चाचणीत मोजायला उपयोगी, पण कामधंदा अज्ञात.

मधल्या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये शेरिल कोनोव्हर या संशोधिका एका वेगळ्याच चोराच्या मागावर होत्या. माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या की त्या भोवतालच्या द्रवात काहीतरी सोडत. ते काहीतरी एका ठरावीक प्रथिनाचे दोन तुकडे करी. हा तुकडे करणारा कोण? १९९९ साली तो हाती लागला. मेयोतल्या चमूनं डेन्मार्कच्या क्लाऊस ओक्सविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर तो शुद्ध करून पाहिला, तर तो निघाला आपला जुना पॅप-ए! म्हणजे गरोदरपणाचं म्हणून ज्याचं बारसं झालं, ते प्रथिन साध्या कातडीच्या पेशीही तयार करत होत्या. हाडांच्या पेशी करतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशी करतात, बीजांडकोशातल्या पेशी करतात. बाईच्या अंगात असतं तसं पुरुषाच्याही अंगात असतं. नाव चुकलं म्हणता येणार नाही, पण अपुरं नक्कीच पडलं.

ते जे कापतं ते काय, हे समजलं की पुढची सगळी कथा उलगडते. शरीरात वाढीसाठी आयजीएफ नावाचा एक पदार्थ असतो. इन्शुलिनचा चुलतभाऊच म्हणायचा. पेशींना तो सांगतो, वाढा, दुप्पट व्हा, मरू नका. इतका जहाल निरोप शरीर मोकाट सोडत नाही. आयजीएफ रक्तात आणि पेशींच्या आसपास फिरतो तो बांधलेल्या गाठोड्यासारखा. त्याला बांधून ठेवणारी सहा मुख्य प्रथिनं आहेत. त्यांपैकी चार नंबरचं प्रथिन भलतंच घट्ट गाठ मारतं. पॅप-ए म्हणजे ही गाठ कापणारी कात्री. आणि ही कात्री रक्तात नुसती वाहत नाही, ती पेशीच्या अंगालाच चिकटून बसते. म्हणजे गाठोडं सुटतं ते नेमकं गिऱ्हाइकाच्या दारात. आईच्या पोटात बाळ वाढत असताना असं गाठोडं वेळेवर सुटणं किती गरजेचं, हे वेगळं सांगायला नको.

मग गर्भवतीच्या रक्तात इतक्या कात्र्या फिरत असताना तिच्या अंगातल्या साऱ्या गाठी एकदम का सुटत नाहीत? त्याचीही सोय निसर्गानं केलेली आहे. गरोदरपणात रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त पॅप-ए दुसऱ्या एका प्रथिनाशी पक्कं जखडलेलं असतं. ओक्सविग आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच हे दाखवलं होतं. कात्रीला म्यान घातलेली. रिपोर्टमध्ये मोजतात ती बहुतांशी ही म्यानातली कात्री. म्हणूनही त्या आकड्यावरून म्हातारपणाचा हिशेब मांडणं वेडेपणाचं आहे.

लहानखुरे आणि चिवट

कात्री सापडली, तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप आला. ही कात्री मुळातच नसेल तर काय होईल? २००४ मध्ये कोनोव्हर आणि सहकाऱ्यांनी पॅप-एचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांची हकिगत प्रसिद्ध केली. ती पिल्लं जन्मतः आपल्या भावंडांच्या साठ टक्केच भरली. बाकी व्यंग काही नाही. हातपाय, डोकं, सगळं प्रमाणात, फक्त आकार लहान. मोठेपणीही ती लहानखुरीच राहिली. माद्यांना पिल्लं होत, पण एका वेळी कमी.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट प्रसूतितज्ज्ञांपुरतीच राहिली असती. पण हे बुटके उंदीर मरायचं नाव घेईनात. २००७ साली कोनोव्हर आणि लॉरी बेल यांनी आकडे मांडले. पॅप-ए नसलेले उंदीर, नर आणि मादी दोन्ही, सरासरी ३८ टक्के जास्त जगले. ते उपाशी ठेवलेले नव्हते, खाणंपिणं इतरांसारखंच. रक्तातलं वाढीचं संप्रेरक आणि आयजीएफही नेहमीसारखंच. बदल होता तो फक्त पेशीच्या दारातला. पुढच्या तपासण्यांत या उंदरांमध्ये गाठी कमी आणि उशिरा झालेल्या आढळल्या. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची एक ग्रंथी असते. रोगप्रतिकाराच्या पेशी तिथे शिकून तयार होतात. वय वाढलं की ती वाळत जाते, माणसांतही आणि उंदरांतही. २००९ च्या एका अभ्यासात या म्हाताऱ्या उंदरांची थायमस तरुण उंदरांसारखी टिकलेली दिसली. रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचावेत म्हणून मुद्दाम पैदा केलेल्या जातीत हे जनुक काढून टाकलं आणि तेलकट खाणं दिलं, तरी थर पुष्कळच कमी साचले.

आयुष्य आणि वाढ यांचं हे वाकडं नातं तसं नवं नव्हतं. १९९३ साली अमेरिकेत सिंथिया केन्यन यांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका किड्यात एकच जनुक बिघडवलं आणि तो दुपटीहून जास्त जगला. ते जनुक निघालं इन्शुलिन आणि आयजीएफच्या निरोपाचं. कुत्री पाळणाऱ्यांना तर हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. घरातलं पॉमेरेनियन पंधरा वर्षं सोफा सोडत नाही आणि शेजारचा धिप्पाड ग्रेट डेन त्याच्या निम्म्या वयात जातो. २००७ साली जनुकं तपासणाऱ्यांनी सांगितलं, की लहान जातीच्या कुत्र्यांचा आकार बऱ्याच अंशी आयजीएफच्या जनुकातल्या एका फरकावर ठरतो.

असं का असावं? अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्येच याचं एक उत्तर देऊन ठेवलं होतं. जो गुण तरुणपणी कामाचा, मुलंबाळं होण्यासाठी उपयोगी, तो निसर्ग निवडतो. त्याच गुणानं साठीनंतर घात केला तरी निसर्गाला फिकीर नाही, कारण तोवर पुढची पिढी उभी राहिलेली असते. पॅप-एकडे पाहिलं की हा विचार पुस्तकी वाटत नाही. पोटातल्या बाळासाठी जी गाठ सोडायची, जखम भरताना जी सोडायची, तीच पुढे साठीतल्या माणसाच्या रक्तवाहिनीत किंवा गाठीत सुटत राहिली तर?

पण फुकट काहीच मिळत नाही. या उंदरांचं हाड मोडलं तर ते सांधायला जास्त दिवस लागतात. मेयोतच २००७ मध्ये हे दिसून आलं. शिवाय ते बुटके असतात, पिल्लं कमी देतात. मोकळ्या शेतात, मांजर आणि घुबडांच्या संगतीत हे दीर्घायुषी महाराज किती दिवस टिकले असते, कुणास ठाऊक! पिंजऱ्यात खायला वेळेवर मिळतं आणि पळावं लागत नाही, हे विसरून चालणार नाही.

म्हणून २०१७ चा प्रयोग जास्त महत्त्वाचा. या वेळी जनुक जन्मापासून काढलं नाही. उंदीर पाच महिन्यांचे, म्हणजे पूर्ण वाढलेले झाले, आणि मग औषध देऊन ते बंद केलं. प्रयोगाच्या रचनेमुळे फक्त माद्याच घेता आल्या. त्यांचं वजन इतर माद्यांइतकंच राहिलं, बुटकेपणा नाही, काही नाही. आणि तरीही त्यांचं मध्यक आयुर्मान २१ टक्क्यांनी वाढलं. याचा अर्थ सरळ आहे. वाढ पुरी झाल्यावर ही कात्री बाजूला ठेवली तरी फायदा मिळू शकतो. निदान उंदरांत तरी.

हृदयात सापडलेली कात्री

माणसांत याचा पहिला मोठा पुरावा २००१ साली आला, तोही हृदयविकाराच्या वाटेनं. अचानक मरण पावलेल्या आठ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या. रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर दोन प्रकारचा असतो. एक शांत पडून राहणारा, दुसरा फुटून गुठळी करणारा, ज्यामुळे झटका येतो. फुटलेल्या थरांत पॅप-ए भरपूर सापडलं, शांत थरांत जेमतेम. झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तातही ते वाढलेलं दिसलं. जखम झाली, सूज आली की शरीर दुरुस्तीसाठी ही कात्री बाहेर काढतं, हे इतर प्रयोगांतून ठाऊक होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं सूज राहिली तर दुरुस्तीही वर्षानुवर्षं चालू राहते आणि थर वाढतच जातो.

त्या बातमीनंतर काही काळ असं वाटत होतं, की छातीत दुखत आलेल्या माणसाचं पॅप-ए मोजलं की झटका ओळखता येईल. ते बारगळलं, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. झटक्याच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन देतात. हे हेपॅरिनच रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या कात्र्या सोडवून रक्तात आणतं. म्हणजे रक्तातला वाढलेला आकडा रोगाचा की इंजेक्शनचा, हेच कळेना. आज इस्पितळात झटका ओळखायला ट्रोपोनिन मोजतात, पॅप-ए नाही. रोगात त्याचा हात असेलही, पण चोर पकडायला त्याचा उपयोग होत नाही.

माणसांत आयजीएफचा निरोपच कमी पोचला तर काय होतं, हे पाहायचं तर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये जावं लागतं. तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगराळ गावांत लॅरॉन सिंड्रोम असलेली बरीच माणसं आहेत. त्यांच्या पेशींना वाढीच्या संप्रेरकाचा निरोप पोचत नाही, आयजीएफ फार कमी बनतं आणि उंची साडेतीन-चार फुटांच्या आसपासच राहते. हैमे गेवारा-आगिरे या डॉक्टरांनी अशा ९९ जणांवर बावीस वर्षं लक्ष ठेवलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांत १७ टक्के जणांना कॅन्सर आणि ५ टक्के जणांना मधुमेह झाला. या बुटक्या माणसांत मधुमेह एकालाही नाही आणि कॅन्सर फक्त एकीला, तोही जिवावर न बेतलेला. आश्चर्य वाटावं असे आकडे. पण आयुष्य? ते काही वाढलं नाही. ही माणसं अपघातानं, दारूनं, फिट्स येऊन गेली. पॅप-एचं जनुक वेगळं, त्यांचा दोष वेगळा, हे खरं. पण निरोप तोच. उंचीचाच आणखी एक दुवा २०१७ मध्ये मिळाला. पॅप-एला आवर घालणारं स्टॅनिओकॅल्सिन-२ नावाचं प्रथिन ज्यांच्यात थोडं दुबळं आहे, अशी माणसं सरासरी दोन सेंटिमीटरपर्यंत उंच निघाली. म्हणजे माणसातही ही कात्री मोकळी सुटली की वाढ जास्त होते.

बाजार आणि प्रयोगशाळा

मग पॅप-ए आवरणारं औषध का नाही? प्रयत्न चालू आहेत. पॅप-एला चिकटून ती कात्री बोथट करणारी प्रतिपिंडं तयार झाली आहेत. उंदरांत त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांतला चरबीचा थर कमी झाला. २०२० मध्ये मेयोच्या संशोधकांनी आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनीच्या उंदरांत दाखवलं, की पॅप-ए काढून टाकलं तर मूत्रपिंडातली पाण्याची गळवं कमी वाढतात. हा आजार माणसांतही बऱ्याच घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालतो आणि अनेकांना डायलिसिसपर्यंत नेतो, तेव्हा आयुष्य वाढवण्याच्या गप्पांपेक्षा हे काम कितीतरी मोलाचं. ‘म्हातारपणावरचं औषध’ म्हणून कुठलीही चाचणी करायची तर पन्नास वर्षं थांबावं लागेल; किडनीचा आकार दोन-तीन वर्षांत मोजता येतो.

शरीरभर आयजीएफचा निरोपच बंद करणारी औषधं आधी आली होती. कॅन्सरवर ती चालली नाहीत, वर रक्तातली साखर वाढली. थायरॉइडमुळे डोळे बाहेर येणाऱ्या रुग्णांसाठी टेप्रोट्युमुमॅब हे असंच औषध अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्य झालं. डोळ्यांना त्याचा फायदा होतो, पण काहींना कमी ऐकू येऊ लागतं, काहींची साखर चढते. सगळा नळच बंद केला की असं होणारच. पॅप-एचं आकर्षण हेच, की तिथे नळ चालू ठेवून फक्त दारातली गळती थांबवायची आहे. आणि तरीही गर्भवतीला, वाढत्या मुलाला, नुकतंच हाड मोडलेल्याला असं औषध द्यायचं की नाही, हा प्रश्न उभाच राहील. मुलाला तर नकोच.

बाजाराला मात्र इतका धीर नसतो, आणि बाजार नेमका उलट्या दिशेनं धावतो. तारुण्य परत आणतो म्हणून विकली जाणारी इंजेक्शनं बहुधा वाढीच्या संप्रेरकाची असतात. म्हणजे ज्यामुळे आयजीएफ वाढतं तीच. याची सुरुवात १९९० मधल्या एका शोधनिबंधानं झाली. अमेरिकेतले डॉक्टर डॅनियल रुडमन यांनी साठी उलटलेल्या बारा पुरुषांना सहा महिने वाढीचं संप्रेरक दिलं. त्यांच्या अंगातली चरबी १४ टक्क्यांनी घटली, चरबी सोडून उरलेल्या शरीराचं वजन जवळपास ९ टक्क्यांनी वाढलं. बारा माणसं, सहा महिने. ती माणसं जास्त जगली असं त्या निबंधात कुठेही नव्हतं. पण त्यावर जगभर ‘अँटी-एजिंग’चा धंदा उभा राहिला. अखेर २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’लाच, म्हणजे ज्या नियतकालिकानं तो निबंध छापला होता त्यालाच, संपादकीय लिहून सांगावं लागलं, की या निबंधाचा आधार घेऊन म्हातारपणावर ही इंजेक्शनं देणं बरोबर नाही. अमेरिकेत आज म्हातारपण रोखण्यासाठी म्हणून हे संप्रेरक विकणं कायद्यानं गुन्हा आहे. ज्यांना ते खरोखर लागतं, म्हणजे मस्तिष्कग्रंथीतून ते पुरेसं स्रवतच नाही अशी मुलं आणि मोठी माणसं, त्यांची गोष्ट वेगळी.

मेयोच्या पिंजऱ्यांतले ते लहानखुरे उंदीर याच्या बरोबर उलट्या बाजूला होते. त्यांना वाढीचा निरोप कमी मिळाला होता, जास्त नाही.